कझाकस्तानातले रशियन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यापासून ‘आता पुढचा नंबर कझाकस्तानचा का?’ हा प्रश्न अधूनमधून कानावर येतो. नकाशा उघडला की प्रश्न रास्तच वाटतो. रशियाच्या पोटाशी पसरलेला, आकाराने जगात नवव्या क्रमांकाचा देश. दोघांमधली सीमा सुमारे साडेसात हजार किलोमीटर, म्हणजे जगातली सर्वांत लांब सलग जमिनी सीमा. त्यात ‘तिथे खूप रशियन राहतात’ हे वाक्य घातलं की चर्चा पूर्ण झाल्यासारखी वाटते. पण ‘खूप’ म्हणजे किती, ते कुठे राहतात, कधी आले आणि दर जनगणनेत कमी का होत जातात, हे सहसा कुणी विचारत नाही. इथे तेच प्रश्न घेतले आहेत.

कझाकस्तानात आज रशियन किती आहेत?

२०२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ९२ लाख होती. त्यात रशियन २९ लाख ८० हजारांच्या आसपास, म्हणजे साडेपंधरा टक्के. कझाक ७० टक्क्यांच्या किंचित वर. उरलेल्यांमध्ये उझ्बेक, युक्रेनी, उइगुर, जर्मन, तातार आणि इतर कितीतरी. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये देशाने दोन कोटींचा टप्पा ओलांडला. त्यानंतरच्या सरकारी अंदाजांत रशियनांचा वाटा १५ टक्क्यांच्या खाली गेलेला दिसतो.

हाच वाटा १९८९ मध्ये, सोव्हिएत काळातल्या शेवटच्या जनगणनेत, जवळपास ३८ टक्के होता आणि रशियनांची संख्या होती ६२ लाख. एका पिढीत संख्या निम्म्याहून खाली आली.

‘रशियन’ म्हणजे रशियाचे नागरिक का?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. रशियन भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. ‘रुस्की’ म्हणजे वंशाने रशियन, ‘रोसियानिन’ म्हणजे रशिया या देशाचा नागरिक. कझाकस्तानातही तशीच जोडी आहे. ‘कझाख’ म्हणजे वंशाने कझाक आणि ‘कझाखस्तानेत्स’ म्हणजे कझाकस्तानचा नागरिक, मग तो वंशाने कुणीही असो. मराठीत आपण दोन्हीला ‘रशियन’ म्हणून मोकळे होतो. या लेखात ‘रशियन’ म्हणजे रुस्की: ज्यांच्या खिशात कझाकस्तानचा पासपोर्ट आहे, ज्यांच्या आजोबांची कबर कझाकस्तानातल्याच करागांडा शहरात आहे, आणि ज्यांनी मॉस्को कदाचित कधी पाहिलंही नाही.

ही वर्गवारी सोव्हिएत व्यवस्थेने घट्ट केली. प्रत्येकाच्या अंतर्गत पासपोर्टवर, म्हणजे देशातल्या ओळखपत्रावर, ‘राष्ट्रीयत्व’ नावाचा रकाना असे. लोक त्याला ‘पाचवा रकाना’ म्हणत. आईवडील वेगवेगळ्या वंशांचे असतील तर मुलाने सोळाव्या वर्षी दोघांपैकी एक निवडायचा. म्हणून आकडेवारीतले ‘रशियन’ हे थोडे जन्माने आणि थोडे निवडीने झालेले आहेत. वडील युक्रेनी, आई रशियन, घरातली भाषा रशियन अशा लाखो कुटुंबांत मुलं कधी इकडे मोजली गेली, कधी तिकडे.

जाता जाता: गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर रशियन बोलणारा प्रत्येक पाहुणा रशियाचाच असतो असंही नाही.

मुळात एवढे रशियन तिथे आले कसे?

एका लाटेत नव्हे, चार-पाच लाटांत. आणि प्रत्येक लाटेतला माणूस वेगळा.

सगळ्यांत आधी कोसॅक आले, म्हणजे सीमेवर राहणारे लढवय्ये घोडेस्वार. यायिक नदीकाठी त्यांची वस्ती सतराव्या शतकातही होती. हीच पुढे उराल नदी झाली. अठराव्या शतकात झारच्या सैन्याने इर्तिश आणि इशिम नद्यांच्या काठी किल्ल्यांची रांग उभी केली. सेमिपालातिन्स्क (आजचं सेमेय) १७१८ चं, उस्त-कामेनोगोर्स्क (आजचं ओस्केमेन) १७२० चं, पेत्रोपाव्लोव्स्क (आजचं पेत्रोपाव्ल) १७५२ चं. आज जी उत्तरेकडची ‘रशियन शहरं’ म्हणून ओळखली जातात ती मुळात लष्करी ठाणी. अल्माटीचंही तेच. १८५४ मध्ये ‘वेर्नी’ नावाचा किल्ला म्हणून तिचा जन्म झाला.

दुसरी लाट शेतकऱ्यांची. १८६१ मध्ये रशियातली भूदास पद्धत संपली, मध्य रशियात आणि युक्रेनमध्ये जमीन पुरेना, आणि सरकारला गवताळ प्रदेश ‘रिकामा’ दिसू लागला. तो रिकामा नव्हता. कझाक पशुपालक ऋतूप्रमाणे कळप घेऊन तिथून शेकडो किलोमीटर फिरत. हिवाळ्यात इथे, उन्हाळ्यात तिथे. कागदावर मालक दिसत नाही म्हणून जमीन बेवारस धरली गेली. विसावं शतक उजाडेपर्यंत आणि नंतर झारचे पंतप्रधान स्तोलिपिन यांच्या जमीन-सुधारणांत दहा लाखांहून अधिक शेतकरी या भागात आले. १९१६ मध्ये कझाकांनी मोठा उठाव केला. तात्कालिक कारण युद्धकामासाठी सक्तीच्या भरतीचं होतं, खालचा विस्तव जमिनीचा.

तिसरी लाट मर्जीची नव्हतीच. १९३० च्या दशकात सुखवस्तू शेतकऱ्यांना ‘कुलाक’ ठरवून इथे आणून टाकलं गेलं. करागांडाजवळ ‘कार्लाग’ ही श्रमछावण्यांची वसाहत उभी राहिली. १९३७ मध्ये अतिपूर्वेतून कोरियन, १९४१ मध्ये व्होल्गाकाठचे जर्मन, १९४४ मध्ये चेचेन आणि इंगुश असे सबंध समाज मालगाड्यांत भरून इथे उतरवले. युद्धकाळात पश्चिमेकडचे कारखाने कामगारांसकट हलवले गेले, तेही इथेच.

आणि चौथी, १९५४ पासून: सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची ‘पडीक जमीन’ मोहीम, रशियनमध्ये ‘त्सेलिना’. उत्तरेकडची कोट्यवधी एकर गवताळ जमीन नांगरून गहू काढायचा होता. कोम्सोमोल या कम्युनिस्ट युवक संघटनेच्या तरुण-तरुणींनी भरलेल्या गाड्या, तंबू, ट्रॅक्टर, गाणी. अक्मोलिन्स्क हे या मोहिमेचं केंद्र. १९६१ मध्ये त्याचं नावच ‘त्सेलिनोग्राद’ झालं.

म्हणजे कझाक आपल्याच देशात अल्पसंख्य होते?

होते, आणि बराच काळ. १९५९ च्या जनगणनेत कझाक फक्त ३० टक्के आणि रशियन जवळपास ४३ टक्के. सबंध सोव्हिएत संघात ज्याच्या नावाने प्रजासत्ताक आहे तोच समाज तिथे सर्वांत मोठा नाही, अशी अवस्था कझाकस्तानची होती.

पण याचं कारण फक्त ‘बाहेरून लोक आले’ एवढंच नाही. १९२६ मध्ये कझाक ३६ लाख होते, १९३९ मध्ये २३ लाख. मधल्या काळात काय झालं? सामूहिक शेती. भटक्या पशुपालकांना एका जागी बसवण्याची सक्ती झाली, जनावरं सरकारजमा झाली, धान्याची आणि मांसाची वसुली थांबली नाही. ज्याची सगळी संपत्ती चार पायांवर चालते त्याची जनावरं काढून घेतली की त्याच्यापाशी काय उरणार? १९३० ते १९३३ च्या दुष्काळात सुमारे पंधरा लाख माणसं मेली, त्यात बहुसंख्य कझाक. कझाक भाषेत त्याला ‘अशारशिलिक’ म्हणतात. आणखी काही लाख लोक चीन, मंगोलिया, उझ्बेकिस्तानकडे पळाले.

रशियनांचा टक्का एकेकाळी एवढा फुगला तो दोन्ही बाजूंनी. अंश वाढला आणि छेद आकसला. आजच्या घसरणीकडे पाहताना हे विसरलं तर १९५९ हीच ‘मूळ’ स्थिती होती असं वाटू लागतं. काही रशियन राजकारणी नेमका तोच समज पसरवतात.

१९९१ नंतर लाखो लोक देश सोडून का गेले?

आधी एक दुरुस्ती. जाणं १९९१ ला सुरू झालेलं नाही. १९७० च्या दशकातच कझाकस्तानातून बाहेर जाणारे हे आत येणाऱ्यांपेक्षा जास्त होऊ लागले होते. कझाक कुटुंबांत मुलं जास्त होती, आणि १९८९ च्या जनगणनेत कझाकांनी रशियनांना जेमतेम मागे टाकलं: ३९.७ टक्के विरुद्ध ३७.८.

मग संघ कोसळला आणि नळ पूर्ण उघडला. एकट्या १९९४ या वर्षात आलेले वजा केल्यावरही देशाने चार लाखांहून अधिक माणसं गमावली. १९८९ मध्ये १ कोटी ६५ लाखांच्या जवळ असलेली लोकसंख्या १९९९ मध्ये दीड कोटीच्याही खाली आली. या दहा वर्षांत रशियन ६२ लाखांवरून ४५ लाखांवर आले. जर्मनांचं प्रमाण तर याहून भयंकर. साडेनऊ लाखांवरून साडेतीन लाख, कारण त्यांच्यासाठी जर्मनीचं दार उघडं होतं.

कारणं गुंतलेली आहेत. रशियन माणूस प्रामुख्याने शहरांत, खाणीत, धातूच्या कारखान्यांत, रेल्वेत, वीजकेंद्रात होता. हे सगळे धंदे सोव्हिएत साखळीचे दुवे होते. कोळसा इथला, यंत्रं तिथली, गिऱ्हाईक तिसरीकडचं. साखळी तुटली तशी आधी पगार थांबले, मग कारखाने. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये रूबल जाऊन ‘तेंगे’ हे नवं चलन आलं आणि बचतीचं पाणी झालं. उणे तीस अंशांच्या हिवाळ्यात इमारतींची सामाईक गरम पाण्याची व्यवस्था बंद पडणं म्हणजे काय, हे आपल्याकडून नीटसं कळणार नाही. लोकांनी फ्लॅट मिळेल त्या किमतीला विकले आणि ओम्स्क, नोवोसिबिर्स्क, चेल्याबिन्स्ककडची गाडी धरली. रशियातही तेव्हा काही सुकाळ नव्हता, आगीतून फुफाट्यात पडलेले बरेच.

दुसरं कारण उतरंडीचं. कालपर्यंत ज्यांची भाषा ही कचेरीची, विद्यापीठाची, वरिष्ठाची भाषा होती, त्यांच्या मुलांना आता कझाक येत नाही म्हणून वरची पायरी मिळेल की नाही, ही शंका. सरकारी नोकऱ्यांत कझाकांचं प्रमाण झपाट्याने वाढत होतं. छळ म्हणता येणार नाही, पण ‘आपलं इथे पुढे काही नाही’ ही भावना माणसाला हलवायला पुरते.

म्हणजे त्यांना हाकलून दिलं का?

नाही. सामूहिक हकालपट्टी, मालमत्ता जप्ती, वांशिक दंगली यांतलं काही घडलं नाही. मध्य आशियातल्याच ताजिकिस्तानात यादवी युद्ध पेटलं होतं, त्या तुलनेत कझाकस्तान शांत होता. उलट कुशल माणसं जाताहेत याची सरकारला चिंता होती, आणि तत्कालीन अध्यक्ष नूरसुल्तान नजरबायेव रशियनांना थांबा म्हणत राहिले. मात्र थांबा म्हणणं आणि बढती देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी फारशी झाली नाही.

आता तर गाड्या भरभरून कुणी जात नाही. मग टक्का का घसरतो?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. १९९० च्या दशकातली घट रेल्वे स्टेशनवर होत होती. आजची घट मुख्यतः प्रसूतिगृहात आणि स्मशानभूमीत होते.

देश सोडून कोण जातं? तरुण जातात. वीस ते चाळीस वयाची माणसं, लहान मुलांसह. मागे राहतात त्यांचे आईवडील. १९९० च्या दशकात गेलेल्या त्या तरुणांची जी मुलं इथे जन्मायची ती रशियात जन्मली, आणि त्या मुलांचीही मुलं आता तिथेच जन्मताहेत. तीस वर्षांपूर्वीचं स्थलांतर असं आजही चक्रवाढ व्याजासारखं कापत राहतं. आज कझाकस्तानातला रशियन समाज कझाक समाजापेक्षा पुष्कळ म्हातारा आहे. त्यात जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होतात. त्यांच्या स्त्रियांना होणाऱ्या मुलांचं सरासरी प्रमाण लोकसंख्या टिकायला लागणाऱ्या २.१ च्या खाली आहे, शेजारच्या रशियात आहे तसंच.

दुसऱ्या पारड्यात कझाक. कझाकस्तानचा एकूण जननदर, म्हणजे दर स्त्रीमागे होणारी मुलं, १९९९ च्या सुमारास १.८ पर्यंत खाली आला होता. त्यानंतर तो चढत गेला आणि २०२१ मध्ये ३.३ च्या आसपास पोहोचला. शिक्षित, शहरी, तेलामुळे बऱ्यापैकी सुस्थितीत असलेल्या देशात जननदर असा उलटा वर जाणं दुर्मीळ आहे. लोकसंख्येचे अभ्यासक इथे थबकतात. अलीकडे तो पुन्हा उतरू लागला आहे, पण तीनच्या आगेमागे असलेला दर आणि दोनच्या खालचा दर एकाच देशात शेजारी नांदत असले की एक पिढी पुरते.

तिसरी गोष्ट परत आलेल्या कझाकांची. चीन, मंगोलिया, उझ्बेकिस्तान इथल्या कझाकांना सरकारने परत बोलावलं. आधी त्यांना ‘ओरालमान’ म्हणजे परतलेले म्हणत. त्या शब्दाला उपरेपणाचा वास येऊ लागला म्हणून अलीकडे ‘कंदास’ म्हणजे रक्ताचे बंधू हा शब्द आणला. १९९१ पासून असे दहा लाखांहून अधिक लोक आले. त्यांतले बरेच १९३० च्या दुष्काळात पळालेल्यांचे नातवंडं-पतवंडं.

म्हणून उद्या सीमा बंद झाली आणि एकही रशियन बाहेर गेला नाही, तरी त्यांचा टक्का उतरतच राहील.

जाणं अगदीच थांबलं आहे का?

थांबलेलं नाही, शांतपणे चालू आहे. बारावीएवढं शिक्षण झालं की पेत्रोपाव्लमधला मुलगा ओम्स्क, तोम्स्क किंवा येकातेरिनबुर्गच्या विद्यापीठात जातो. रशिया परदेशी विद्यार्थ्यांसाठी सरकारी खर्चाच्या जागा ठेवतो, भाषेची अडचण नाही, आणि घर एका रात्रीच्या गाडीवर. शिकून तिथेच नोकरी, तिथेच लग्न. त्याशिवाय २००६ मध्ये रशियाने परदेशातल्या ‘देशबांधवांना’ परत आणण्याचा सरकारी कार्यक्रम जाहीर केला. त्यात नागरिकत्व लवकर मिळतं. स्वतः रशियाचीच लोकसंख्या घटते आहे, त्यामुळे ही माणसं त्यांना हवी आहेत.

२०२१ च्या जनगणनेत पाच लाख रशियन ‘गायब’ झाले, हे काय प्रकरण?

२०२१ च्या सुरुवातीला सरकारच्या चालू नोंदींनुसार रशियन जवळपास ३५ लाख, म्हणजे १८ टक्क्यांच्या वर होते. त्याच वर्षीच्या जनगणनेत ते ३० लाखांच्या आत निघाले. षड्यंत्राच्या कथा लगेच सुरू झाल्या.

सरळ स्पष्टीकरण नोंदींच्या कामकाजातच सापडतं. दोन जनगणनांच्या मधल्या वर्षांत आकडा काढतात तो जन्म, मृत्यू आणि नोंदवलेलं स्थलांतर यांची बेरीज-वजाबाकी करून. पण शिकायला गेलेला विद्यार्थी कझाकस्तानातल्या पत्त्यावरून आपलं नाव कमी करून जात नाही. फ्लॅट आईच्या नावावर, नोंदणी तिथेच, माणूस नोवोसिबिर्स्कला. अशी दहा-बारा वर्षांची थकबाकी जनगणनेत एकदम वसूल होते. आपल्याकडे मुंबईला कायमचे राहणारे गावच्या मतदारयादीत वर्षानुवर्षं असतात, त्यातलाच प्रकार. ही जनगणना कोरोनामुळे लांबली होती आणि बऱ्याच अंशी ऑनलाइन झाली, त्यामुळे तिच्यातही त्रुटी असणार. पण दिशेबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

रशियन लोक देशात कुठे राहतात?

उत्तरेला आणि पूर्वेला, रशियाच्या सीमेलगत. उत्तर कझाकस्तान प्रांतात, ज्याचं मुख्य शहर पेत्रोपाव्ल, आजही जवळपास निम्मे लोक रशियन आहेत. कोस्तानाय, पाव्लोदार, अक्मोला, करागांडा आणि पूर्वेचा ओस्केमेन परिसर इथेही त्यांचं प्रमाण मोठं आहे. जुनी ट्रान्स-सायबेरियन रेल्वेवाट पेत्रोपाव्लमधूनच जाते. त्या स्टेशनाला सीमा नंतर येऊन चिकटली.

याच्या अगदी उलट, दक्षिणेचे तुर्किस्तान, किझिलोर्दा आणि पश्चिमेचा मांगिस्ताउ. तिथे रशियन अत्यंत कमी. अल्माटीची गोष्ट वेगळी. १९८९ मध्ये या शहरात निम्म्याहून अधिक रशियन होते. आज कझाक स्पष्ट बहुमतात आहेत, तरी बाजारात, कॅफेत रशियन सर्रास चालते आणि शहराच्या मधोमध पानफिलोव्ह उद्यानात लाकडी ऑर्थोडॉक्स कॅथीड्रल उभं आहे. १९११ च्या भूकंपात शहराची मोठी पडझड झाली, ते टिकलं.

उत्तरेची खरी अडचण वेगळीच आहे: तिथली गावं ओस पडताहेत. दक्षिणेत माणसांची दाटी, उत्तरेत रिकामी घरं. म्हणून सरकार दक्षिणेतल्या कुटुंबांना उत्तरेत वसायला मदत देतं. २०१४ मध्ये ‘सेर्पिन’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात दक्षिणेतल्या तरुणांना उत्तरेतल्या महाविद्यालयांत मोफत शिक्षण मिळतं. उद्देश आर्थिक की लोकसंख्येचा तोल बदलण्याचा? माझ्या मते दोन्ही, आणि सरकार दुसऱ्याबद्दल फारसं बोलत नाही.

राजधानी अल्माटीहून उत्तरेला हलवण्यामागे हेच कारण होतं का?

अधिकृत कारणं भूकंपाचा धोका आणि वाढायला जागा नसणं ही. डिसेंबर १९९७ मध्ये राजधानी अक्मोलाला गेली, म्हणजे तेच पूर्वीचं त्सेलिनोग्राद. १९९८ मध्ये तिचं नाव अस्ताना झालं, २०१९ मध्ये नूरसुल्तान, २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. पाट्या रंगवणाऱ्यांची चंगळ. १९८९ मध्ये या शहरात कझाक पाचव्या हिश्श्याहूनही कमी होते, आज पाचांत चार. हेतू काहीही सांगितला जावो, परिणाम डोळ्यांसमोर आहे.

रशियन भाषेचं काय? ती संपत चालली आहे का?

माणसं कमी झाली म्हणजे भाषा कमी झाली असं नाही. २०२१ च्या जनगणनेत रशियन येते म्हणणारे सुमारे ८४ टक्के, कझाक येते म्हणणारे ८० टक्के. वंशाने रशियन असलेल्यांच्या पाचपट लोकांना ती भाषा येते. १९९५ च्या संविधानाने कझाकला ‘राज्यभाषा’ केलं आणि सरकारी संस्थांत रशियन तिच्या बरोबरीने अधिकृतपणे वापरली जाईल असं म्हटलं. रशियन माध्यमाच्या शाळा हजारावर आहेत, आणि त्यांत कझाक मुलंही मोठ्या संख्येने शिकतात.

कल मात्र कझाककडे झुकतो आहे. शहरातल्या कझाक आईवडिलांना पूर्वी मुलांना रशियन माध्यमात घालणं प्रगतीचं वाटे. आज कझाक माध्यमाच्या वर्गांत जागा मिळेना. २०१७ मध्ये कझाक भाषा सिरिलिक सोडून लॅटिन लिपीत नेण्याचा आदेश निघाला, पण तो वर्णमालेच्या वादात रखडला आहे. २०२१ मध्ये काही स्वयंघोषित ‘भाषा गस्ती’ दुकानात शिरून ‘कझाकमध्ये का बोलत नाही’ म्हणून विक्रेत्यांना जाब विचारत, चित्रीकरण करत. मॉस्कोने निषेध केला, आणि अस्तानानेही हा प्रकार बेकायदा ठरवला.

रशियनांपैकी कझाक येणारे थोडेच. २००९ मध्ये बोललेलं कझाक समजतं असं सांगणारे साधारण चारांत एक होते, लिहू शकणारे त्याहून फारच कमी. नव्या पिढीत चित्र सुधारतं आहे, कारण आता गरज खरी आहे.

त्यांना नागरिकत्वाची अडचण आली का, लाटव्हियासारखी?

नाही. कायदा लागू झाला तेव्हा जे कायमचे रहिवासी होते ते सगळे कझाकस्तानचे नागरिक ठरले, भाषेची परीक्षा नाही. लाटव्हिया आणि एस्टोनियाने सोव्हिएत काळात आलेल्यांना आपोआप नागरिकत्व दिलं नाही. लाटव्हियात आजही लाखावर लोक ‘अनागरिक’ या विचित्र दर्जात आहेत. कझाकस्तानात दुहेरी नागरिकत्वाला मात्र मनाई आहे, आणि १९९० च्या दशकात रशियाशी खटका उडाला तो याच मुद्द्यावर.

२०२२ मध्ये लाखो रशियन तिथे पळून आले. त्यामुळे टक्का वाढला ना?

२१ सप्टेंबर २०२२ ला रशियाने सैन्यभरती जाहीर केली आणि दोन आठवड्यांत दोन लाखांहून अधिक रशियन नागरिक सीमा ओलांडून आले. सीमेजवळच्या उराल्स्क शहरात लॉज, शाळा, मशिदी भरल्या. एका सिनेमागृहाने रात्री झोपायला दालन उघडून दिलं. ज्यांच्या राजकारण्यांनी कझाकांना पुष्कळ शिकवलं होतं त्यांना गरम चहा देणारे कझाकच होते, याची समाजमाध्यमांवर बरीच चर्चा झाली.

पण हे होते रोसियाने, रशियाचे नागरिक. बहुतेक पुढे तरी गेले किंवा परत तरी. जानेवारी २०२३ मध्ये नियम बदलला: १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, सीमेवर जाऊन लगेच परत येण्याची पळवाट बंद. घरभाडी चढली ती खरी, पण जनगणनेच्या टक्क्यावर याचा ठसा नगण्य.

मग खरंच ‘पुढचा नंबर’ कझाकस्तानचा?

काळजी निराधार नाही. १९९० मध्ये रशियन लेखक सोल्झेनित्सिनने उत्तर कझाकस्तान रशियात असावा असं लिहिलं तेव्हा अल्माटीत निदर्शनं झाली. १९९९ मध्ये उस्त-कामेनोगोर्स्कमध्ये शहर ताब्यात घेऊन रशियाला जोडायचा कट केल्याच्या आरोपावरून काही जणांना अटक झाली, पुढे शिक्षाही. ऑगस्ट २०१४ मध्ये पुतिन म्हणाले की कझाकांचं पूर्वी कधी राज्य नव्हतं. अस्तानाने उत्तर दिलं ते उत्सवातून. पुढच्या वर्षी कझाक खानतीची, म्हणजे खानांच्या जुन्या राज्याची, ५५० वर्षं थाटात साजरी झाली. डिसेंबर २०२० मध्ये रशियन संसदेतल्या एका सदस्याने कझाकस्तानची भूमी ही रशियाची देणगी असल्याचं विधान केलं.

तरी पूर्व युक्रेनमधल्या डोनबासशी तुलना मला पटत नाही. दोन्ही देशांत २००५ मध्ये सीमाकरार झाला आहे. कझाकस्तान रशियाच्या लष्करी आणि आर्थिक गटांत आहे. जानेवारी २०२२ च्या दंगलीत रशियाच्या पुढाकाराने आलेलं सैन्य दोन आठवड्यांच्या आत परतलं. त्याच वर्षी जूनमध्ये सेंट पीटर्सबर्गला पुतिन शेजारी बसलेले असताना अध्यक्ष कासिम-जोमार्त तोकायेव यांनी डोनबासमधल्या लुहान्स्क-डोनेत्स्कला स्वतंत्र देश म्हणून मान्यता देणार नाही असं सांगितलं, आणि तरी व्यापार चालू राहिला. रशियनांची स्वतःची बळकट राजकीय संघटना तिथे नाही. आणि ज्यांना रशियातच राहायचं होतं, त्यांतले बहुतेक केव्हाच रेल्वेने तिकडे गेले. जे राहिले ते राहायचं ठरवून राहिले, किंवा वयामुळे. सीमा हलवायला यातला कोणताच गट उपयोगी नाही.

नजरबायेव, तोकायेव ही आडनावं तर रशियन वाटतात?

शेपूट रशियन, धड कझाक. सोव्हिएत कारकुनांनी बापाच्या किंवा आजोबाच्या नावाला ‘ओव्ह’, ‘एव्ह’ लावून आडनावं केली. हल्ली बरेच तरुण ते शेपूट काढून टाकतात किंवा ‘उली’ म्हणजे ‘चा मुलगा’ आणि ‘किझी’ म्हणजे ‘ची मुलगी’ लावतात. आडनावावरून वंश ओळखायला जाऊ नये.

मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी कझाकस्तानात जाणार आहे. तिने रशियन शिकावी की कझाक?

महाराष्ट्रातून अल्माटी, करागांडा, सेमेय इथे एमबीबीएसला जाणारी मुलं बरीच आहेत, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. वर्गात शिकवणं इंग्रजीत असलं तरी वॉर्डात रुग्ण इंग्रजी बोलत नाही. करागांडा, सेमेय, अल्माटीत रशियनवर काम निभावतं, आणि म्हाताऱ्या रुग्णांशी तर तीच लागेल. दक्षिणेत शिमकेंतला जाणार असेल तर कझाकची चार वाक्यं आधी. लिपी दोन्हींची सिरिलिक, ती आठवड्याभरात बसते. कझाकमध्ये रशियनहून नऊ अक्षरं जास्त आहेत, तेवढी नंतर.

आणि हिवाळी सुट्टीचं तिकीट काढताना ७ जानेवारी लक्षात ठेवावी. तो ऑर्थोडॉक्स नाताळ, कझाकस्तानात त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. कुर्बान आइतची, म्हणजे बकरी ईदचीही असते.